पंचमीचं भाषण

आबासाहेब मास्तरांच्या गळ्यात जन्मात पहिल्यांदाच हार पडायचा होता, आणि त्या हारापायी त्यांनी जे केलं ते एरवी त्यांच्या हातून झालं नसतं. निदान त्यांची बायको केशरबाई तसं म्हणायची. बाई भली होती.

राहुरीच्या वाचनालयाने श्रावणात व्याख्यानं ठेवली होती. मास्तर हायस्कुलात संस्कृत शिकवत, म्हणून एक दिवस त्यांना दिला. विषय त्यांनीच निवडला: युरोपातल्या परीकथांच्या नायिका आणि आपल्या संस्कृत नाटकांतल्या नायिका. नगरहून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून, मांडीवर शब्दकोश घेऊन त्यांनी चार महिने ती वाचली. तिकडची राजकन्या शंभर वर्षं झोपते, नाहीतर मनोऱ्यात कोंडून बसते, नाहीतर चुलीपाशी राख उपसते. कोणीतरी घोड्यावरून आल्याशिवाय बाईसाहेबांचं पान हलत नाही. आपली नायिका मात्र उठते, वाट तुडवत राजाच्या दरबारात जाते आणि ओळख विसरलेल्या नवऱ्याला भरसभेत खडे बोल सुनावते. मुद्दा झकास होता. मास्तर अंघोळ करतानाही तोच घोकत.

अडचण एकच आली. व्याख्यान नागपंचमीच्या आदल्या दिवशी पडलं, आणि त्याच दिवशी त्यांना मुराळी म्हणून आक्काला आणायला जायचं होतं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण पुष्पावती. आई गेली तेव्हा मास्तर आठ वर्षांचे होते. आक्काने चौथीतून शाळा सोडली, भाकऱ्या थापल्या आणि धाकट्याला सोनईच्या शाळेत धाडलं. पुढे तिला जामखेडच्या पलीकडे एका वाडीत दिलं. सतरा वर्षं झाली, मास्तर दर पंचमीला तिला आणायला जात. माहेरचा मुराळी दारात आल्याशिवाय सासुरवाशीण सणाला निघत नाही. एकटीच निघाली तर भांडून निघाली, असंच गाव धरून चालतं. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण चार महिने त्यांच्या डोक्यात दरबारात एकटी उभी राहणारी नायिका बसली होती, आणि पुस्तकातलं शहाणपण पाजळायला घरच्या माणसासारखं दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं: 'यंदा मला सवड नाही. तू एकटीच एस्टीने ये. काळ बदलला आहे, लाजण्याचं कारण नाही.'

"आवो, कार्ड नका धाडू," केशरबाई म्हणाली. "भाषनाचा दिस बदलून मागा."

"आक्का काय कुक्कुलं बाळ आहे?" मास्तर म्हणाले. बहिणीला आपण मोकळीक देतो आहोत, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

व्याख्यान रंगलं. टाळ्या पडल्या, हार पडला. दुसऱ्या दिवशी पंचमीला केशरबाई सकाळपासून एस्टी स्टँडवर बसून होती आणि मास्तर गावात फिरून शाबासक्या गोळा करत होते. जामखेडकडून येणाऱ्या प्रवाशांत आक्का नव्हती. संध्याकाळी केशरबाई घरी आली, पुरणाची दिंडं झाकून ठेवली आणि न जेवता उठली. तेव्हा कुठे मास्तरांना आपली चूक उमगली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ते वर्गात दरवर्षी शिकवत.

सकाळच्या पहिल्या गाडीने ते निघाले. त्या साली पावसाने तोंड फिरवलं होतं. जामखेडच्या पुढे तर रान नुसतं उघडं पडलं होतं. आक्का घरी नव्हती. तिची सासू लंकाबाई ओसरीवरून उठलीसुद्धा नाही. "खडीवर गेलीया. तुमाला सवड झाली व्हय, मास्तर?" एवढंच म्हणाली.

दुष्काळी कामाच्या रस्त्यावर बाया ओळीने खडी फोडत होत्या. आक्का शेवटाला होती. तिने भावाला पाहिलं, पदर सारखा केला आणि बसायला एक सपाट दगड पुढे सरकवला.

"आक्का, कार्ड मिळालं नाही का?"

"मिळालं की. दिरानं समद्यांम्होरं वाचून दावलं. सासूबाई म्हनल्या, भावालाच नकोशी झाली, आता आमी कशाला लावून देऊ?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनले, मास्तर हाय, काम आसतं त्याला."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. आदल्या रात्री न जेवलेल्या बायकोपेक्षा हे शांत बोलणं त्यांना जड गेलं. "भावाचा उपास धरला होतास?" त्यांनी उगाच विचारलं.

"न धरून कसं? तुज्यासाठी आसतो त्यो."

"चल, आत्ता चल माझ्याबरोबर. मी लंकाबाईंचे पाय धरतो."

"नगं, आबा. सन झाला. आता निगाले तर लोक म्हनतील, भावानं भांडून नेली. आन पुढच्या सालीबी येऊ नगंस. मी सासूबाईंना शब्द दिलाय, माह्यारी जानार न्हाई म्हनून. तवा कुठं घरातलं बोलनं थांबलं." तिने हातोडी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. "भाषन कसं झालं? काय सांगितलंस लोकास्नी?"

सांगायची लाज वाटत होती, पण आक्काशी आजवर ते कधी खोटं बोलले नव्हते. "सांगितलं, की आपल्या नाटकातली बाई कुणाची वाट बघत बसत नाही. ती स्वतः नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते."

"एकटीच? पोचवायला कुनी न्हवतं?"

पोचवणाऱ्यांचा प्रवेश मास्तरांनी भाषणातून मुद्दाम गाळला होता, मुद्दा ढिला पडतो म्हणून. "होती. माहेरची माणसं होती बरोबर. नवरा तिला घरात घेईना, ती रडत त्यांच्या मागं निघाली. तर ती माणसं तिला तिथंच टाकून माघारी गेली."

आक्काने थोडा विचार केला. भावाचा चेहरा पडलेला तिला दिसत होता, आणि लहानपणापासून तो पडला की सावरायची तिला सवय होती.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्यास्नीबी काम आसंल काई."