उपटलेला उंबरा

मॅकहेल साहेब गोरे होते, पण इंग्रज नव्हते. हे ते स्वतःच सांगायचे, आणि इतक्या तावातावाने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना इंग्रज केलं ते आपणच. त्यांचा मुलूख आयर्लंड. तिथे पाऊस आमच्यासारखाच पडतो, फक्त थांबत नाही. एकोणीसशे एकोणतीसच्या दिवाळीनंतर पोलादपूरच्या वर, आमच्या जांभूळकोंडाखाली, रस्त्याची मोजणी निघाली आणि साहेबांनी ओढ्याकाठी तंबू ठोकला. मी मुंबईच्या गोदीत दोन वर्षं काढून आलो होतो. मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता आणि तो मी मोडला नव्हता. म्हणून दुभाष्या मी.

तीन दिवसांत माझी गरज संपली. माझे काका कोंडाजी मोजणीची साखळी धरायला गेले आणि संध्याकाळी साहेबांशेजारी बसून बोलू लागले. काका मराठीत, साहेब त्यांच्या गावच्या भाषेत. इंग्रजीतसुद्धा नाही. दोन-दोन तास.

"काका, साहेब काय म्हणत होते?" मी एकदा विचारलं.

"तुला काय करायचंय सदू? आमची गोष्ट हाय ती."

"पण तुम्हाला कळलं?"

"न कळायला काय झालं? आईची गोष्ट सांगत व्हता."

मी जाऊन साहेबांना इंग्रजीत विचारलं. आईचीच गोष्ट सांगत होते. दुभाष्याने आयुष्यात एवढा अपमान एकदाच सोसावा.

साहेब म्हणाले, त्यांच्याकडे अशा दोस्ताला अनमकारा म्हणतात. जिवाचा सोबती. त्याच्यापुढे काहीच झाकायचं नाही, भीती नाही, पाप नाही, लाज नाही. त्यांच्या जुन्या साधूंचं वचन आहे की ज्याला अनमकारा नाही तो माणूस म्हणजे मुंडक्याविना धड. हे मी गावात जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर आठ दिवस बायका पोरांना तंबूच्या बाजूला फिरकू देईनात.

शिमगा जवळ आला. शिमग्यात आमची काळकाई देवळातून निघते आणि पालखीत बसून घरोघर जाते. उंबऱ्याशी थांबते, घरची बाई ओटी भरते, गाऱ्हाणं घातलं जातं, पालखी पुढच्या घरी. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते चहा पिता पिता थांबले. मग बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्या मुलखात ब्रिगिद म्हणून एक आहे. देवी की संतीण, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. थंडी सरताना एका रात्री ती दारोदार फिरते. घरातली बाई दाराबाहेर कापड ठेवते, ब्रिगिद जाता जाता त्याला हात लावते, आणि वर्षभर ते कापड आजाऱ्याच्या उशाशी असतं. साहेबांची आई दर साली ठेवायची. आई या पौषात गेली. घराला कुलूप लागलं. आईची शाल तेवढी पोस्टाने आली होती, ती त्यांच्या पेटीत होती.

"आता माझं दारच राहिलं नाही," साहेब म्हणाले. "ती आली तरी थांबणार कुठे?"

काकी म्हणजे ठकूबाई, भाकरीचं फडकं घेऊन आली होती. तिने माझ्याकडून सगळं ऐकून निवाडा दिला. "म्हणजे ती आपल्या काळकाईची बहीणच की रे! सात बहिणी, त्यातल्या एकीचा पत्ताच लागत नव्हता. एवढ्या लांब दिली व्हय तिला?"

काका साहेबांकडे बघून म्हणाले, "आमची येईल तुझ्या दाराशी."

मी भाषांतर करायच्या आत साहेब पेटी उघडायला उठले होते.

सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गाव बसलं. महिपती गावकर मुख्य मानकरी. त्यांचा शब्द शेवटचा, आणि पहिलाही बहुधा त्यांचाच.

"पालखी तंबूला नाय जाणार," ते म्हणाले. "देवी उंबऱ्याशी थांबते. तंबूला उंबरा हाय काय?"

"कौल लावा," काका म्हणाले.

भागोजी गुरवाने डोकं खाजवलं. "कौल कोणाला लावू? देवी पालखीत, देऊळ रिकामं."



"कोंडाजी," महिपती म्हणाले, "सहा पिढ्या तुझ्या घराकडं पालखीचा पुढचा खांदा हाय. हट्ट सोड, नायतर खांदा सोड."

पुढचा खांदा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. काका दासगावच्या बाजारात पडवळ घेतानासुद्धा आधी सांगायचे, मी जांभूळकोंडचा पुढचा खांदा. पडवळवाल्याला त्याचं काही नसायचं. काकांना असायचं.

काका उठले. सगळ्यांना वाटलं, रडतात की काय. ते घरी गेले, पहार घेतली आणि दारातला उंबरा खणून काढला. ऐनाचं लाकूड, काकांच्या आजोबांनी बसवलेलं. ते खांद्यावर टाकून सबंध वाडीतून, सगळ्यांच्या देखत, खाली ओढ्याकडे चालले. ठरवलं असतं तर मागच्या वाटेनेही जाता आलं असतं. ठरवलं नव्हतं.

मागून काकी ओरडत. "अहो, उंबरा काढलात! पुढं घरात सून आणायची तर ती माप ओलांडणार कुठं?"

"तंबूत!" काका म्हणाले.

तंबूच्या तोंडाशी त्यांनी उंबरा बसवला, दगडांनी ठोकून पक्का केला, आणि साहेबांना आतून बाहेर, बाहेरून आत असं दोनदा चालवून बघितलं. ठीक बसला होता. दुसऱ्या दिवसापासून काकी पहाटे हळदकुंकू घेऊन ओढ्यावर जाऊ लागली. "उंबरा कुठं बी असंना, पूजा माझीच," असं तिचं म्हणणं. साहेब तेवढ्या वेळापुरते कपडे करून बाहेर उभे राहत.

महिपती बधले नाहीत. पुढचा खांदा त्यांनी हैबतीला दिला. हैबती त्यांचा मेहुणा. माणूस सज्जन, पण काकांपेक्षा एक वीत बुटका.

पालखी निघाली. ढोल, सनई, गुलाल. काका गर्दीच्या कडेला हात मागे बांधून उभे. सहा पिढ्यांत त्या घरातला माणूस पहिल्यांदा मोकळ्या खांद्याने उभा होता, आणि हात कुठे ठेवायचे हे त्यांना माहीत नव्हतं. साहेबांचा तळ दुसऱ्या दिवशी उठणार होता. आज नाही तर कधीच नाही.

वाटेला फाटा आहे. वर महिपतींचं घर, खाली ओढा. मागच्या खांद्याला उंचापुरा रावजी, पुढे हैबती. दांडा पुढे झुकलेला. फाट्यावर हैबतीने वर वळायला पाय उचलला आणि पालखीने मागून रेटलं. तो खाली दोन पावलं गेला. सावरायला आणखी चार. मग त्याचे पाय भाराला गाठायला पळत सुटले.

"अरे हैबती! वर, वर!" महिपती ओरडले.

"मी नाय भाऊजी! मी नाय! आई नेते!"

ढोलवाल्यांना वाटलं, चाल वाढवायची आहे. त्यांनी वाढवली. सबंध गाव मागे धावत उताराने आलं, आणि पालखी उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. उंबऱ्याबाहेर ती शाल अंथरलेली होती. साहेब आत, गुडघ्यांवर.

मी शिकलेला माणूस. मला बुटका खांदा आणि उतार दिसला. पण हैबतीला निवडलं कोणी, हे विचारलं की गावात आजही महिपतींकडे बघतात.

काकीने ओटी भरली. पालखीवरचा गुलाल शालीवर सांडला. साहेबांनी शाल उचलून तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही. महिपती घामाघूम. गाऱ्हाणं त्यांनाच घालायचं होतं.

"बाय काळकाई... ह्यो जो कोण... नाव?"

"मॅकहेल," काका म्हणाले.

"कूळ?"

"माझं."

महिपतींनी काकांकडे बघितलं. मग मोठ्याने म्हणाले, "कोंडाजीच्या कुळातला मॅकहेल परमुलखी चाललाय, त्याच्या पाठीशी राहा, आणि तुझी ती लांबची बहीण हाय तिलाही सांग!"

"व्हय महाराजा!" सगळं गाव ओरडलं.

"आता ह्या हैबतीला बाजूला करा," महिपती म्हणाले. "कोंडाजी, खांदा दे. चढ हाय."

साहेब गेले. काकांनी घराला नवा उंबरा केला, जुना तिथेच ठेवला. पुढच्या साली खानेसुमारी आली. महाडचा एक कारकून गेरूचा डबा घेऊन घरांवर आकडे घालत फिरला. बावीस घरं झाल्यावर महिपती त्याला ओढ्यावर घेऊन गेले.

"हे काय?" कारकून म्हणाला.

"तेविसावं घर."

"इथे भिंत नाही, छप्पर नाही."

"उंबरा हाय. पालखी थांबते."

"आणि माणूस?"

"परगावी असतो," महिपती म्हणाले. "वाडीतली निम्मी माणसं मुंबईत हायत, त्यांची घरं लिहिलीस ना? मग हा जरा पुढं गेलाय, एवढंच."

मागे अख्खी वाडी उभी होती, सगळ्यात पुढे काका, छाती काढून. कारकुनाने एकदा वर आभाळाकडे बघितलं, मग खाली बसून उंबऱ्यावर गेरूने आकडा घातला.