पेटीखालचं पाणी

रुख्माबाईला कामचुकार म्हणायची कोणाची टाप नव्हती. दवाखान्यात बारा वर्षं आया होती आणि फरशी पुसावी तर तिनंच. मग एवढं आक्रीत झालं कसं? पाण्याच्या मायेपायी झालं, दुसरं काय!

ब्याऐंशी सालचा मे महिना. वर्ध्यात नळ दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. दिवस पुरे न भरलेली बाळं ज्या काचेच्या पेट्यांत ठेवत, त्यांच्या खाली पाण्याची टाकी असे. आतली हवा ओलसर राहावी म्हणून. ती रोज रिकामी करायची, घासायची आणि उकळून गार केलेलं ताजं पाणी भरायचं, हे काम रुख्माबाईचं. आता घरी, सिंदी मेघेत, दोन घागरी पाण्यासाठी शेजारणींशी भांडणारी बाई ते नितळ पाणी मोरीत ओतील? "पाप लागंल माय!" म्हणायची आणि कमी झालं तेवढंच वरून भरायची. महिनाभर काही बिघडलं नाही, मग तेच अंगवळणी पडलं.

त्यातल्या एका पेटीत नाचणगावच्या कोकिळेची जुळी होती, सातव्या महिन्यातली. कोकिळेची सासू आनंदाबाई दिवसभर दारात बसून. एकदा तिनं रुख्माबाईचे पायच धरले. "गिरडच्या बाबाचा अंगारा हाय वं बाई. चिमूटभर लावू दे लेकराईले." रुख्माबाईला दया आली. लावू दिला.

चौथ्या दिवशी जुळ्यांतल्या मोठ्यानं दूध पिणं सोडलं. टाळू फुगली, झटके सुरू झाले. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं तर ते गढूळ. "मेंदूच्या आवरणात पू झालाय," ते म्हणाले. "हे जंतू आईकडून नाही आले, ह्याच खोलीत लागले." दुपारी पोर गेलं.

सिस्टर शकुंतलाबाईंनी विचारलं, "टाकीतलं पाणी रोज बदलता ना?"

"हो जी," रुख्माबाई पटकन बोलून गेली. आपणच केलं हे, तिला तिथंच कळलं.

तेवढ्यात सिस्टरना बाळाच्या कपाळावरची राख दिसली. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. आनंदाबाईला खोलीबाहेर काढलं. तिचा मुलगा हरिदास सगळ्यांदेखत ओरडला, "तूच खाल्लं माह्या पोराले!" म्हातारी कपाळ बडवत खाली बसली.

रुख्माबाई बादली धरून उभी होती. सांगावंसं वाटत होतं, पण ती वाकून फरशी पुसायला लागली. निदान टाकीतलं पाणी तरी बदलावं! पण टाकी काढली, तर तळाचा बुळबुळीत थर सिस्टरना दिसणार आणि खोटं उघडं पडणार. नोकरी जाणार. उद्या बघू, म्हणाली ती. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी धाकट्यानं दूध सोडलं. पाचव्या दिवशी तोही गेला.

मग डॉक्टरांनी स्वतः टाकी उघडली. पाणी तपासलं, जंतू तेच. "ह्या टाकीच्या कोपऱ्यात हातच जात नाही, बनावटच वाईट," म्हणून त्यांनी पेटी बंद करवली. कोकिळेच्या घरी कोणी कळवलं नाही, की रुख्माबाईला कोणी शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं! 

पंधरवड्यानं ती नाचणगावला गेली. हरिदास शेतात गेला होता. आईच्या हातचं पाणीही तो घेत नाही, हे वाटेतच कळलं होतं. आनंदाबाई ओसरीत एकटीच बसलेली. रुख्माबाईनं तिच्यापुढे हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. न बदललेलं पाणी, सिस्टरशी बोललेलं खोटं, काही ठेवलं नाही. "तुमच्या अंगाऱ्यानं नाई झालं जी. माह्यानं झालं."

 म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. "म्हंजे मी नाई? मी नाई मारलं त्याईले? कोकिळे, आयकलं का वं? मी नाई!" तिनं रुख्माबाईचे जोडलेले हातच धरले. "देवासारखी आलीस वं बाई." रुख्माबाईला धरणी फाटावी असं झालं.

कोकिळा आतून येऊन चौकटीशी उभी राहिली. डोळे कोरडे.

"मावशी, पाण्यानं झालं हे तुमाले कवा मालूम पडलं?"

"मोठा गेला त्याच दिशी."

"लहाना तवा दूध पेत होता," कोकिळा म्हणाली.

आनंदाबाईनं हात सोडले.

"हो माय," रुख्माबाई म्हणाली. "चांगला पेत होता."