पडेगावचे कावळे

ते टॉकीज आता राहिलं नाही. पण तिथल्या लाकडी खुर्च्या, पानाचा वास आणि रविवारचा सकाळचा इंग्रजी खेळ उमाला अजून लख्ख आठवतो. सत्तर साल नुकतंच सरलं होतं. पाखरं माणसांवर तुटून पडतात असा तो सिनेमा. जगभर गाजून जुना झाला, तेव्हा कुठं औरंगाबादला पोचला.

पुढच्या रांगेतले सुरुवातीला नुसते खिदळत होते. "अरे मियाँ, चिडियांसे कायकू डरना!" पडद्यावर पाखरं वाढत गेली तसा थेटरातला आवाज बसत गेला. नेमकं तेव्हाच आढ्यात राहणारं एक पारवं झोतातून फडफडत गेलं. पडद्यावर ही एवढी सावली! अख्खं थेटर खाली वाकलं. बाल्कनीतल्या एका जाडजूड वकिलानं तर बायकोच्या पदरात डोकं खुपसलं. मग जो हशा उसळला, त्यात उमाचा नवरा श्रीनिवासही होता. उमाला मात्र हसू येईना. तिची तीन वर्षांची चिंगी त्या घडीला पडेगावात, शेजारच्या सरूबाईपाशी अंगणात खेळत होती. आणि अंगणातल्या लिंबावर गावभरचे कावळे.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात काठी आली. कावळा दिसला की हाकल.

"अहो बी.ए. बाई, ते परदेशातले पक्षी होते," श्रीनिवास चिडवायचा.

"कावळ्याला पासपोर्ट लागतो वाटतं?"

तीन आठवड्यांत लिंब ओस पडला. उमाला जरा स्वस्थ झोप लागायला लागली आणि पितृपंधरवडा आला. मामंजींचं पहिलंच श्राद्ध. सासूबाई, म्हणजे माई, गंगापूरहून लेकीकडून आल्या. स्वयंपाक झाला, श्रीनिवासनं कुंपणाच्या भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं. त्यांच्या घरची रीत अशी, की कावळ्यानं घास घेतल्याशिवाय कुणी पाटावर बसायचं नाही.

बारा वाजले. एक वाजला. भटजी आंब्याखाली जांभया देत होते.

"दर्भाचा कावळा करू का? शास्त्रात आहे तसं," ते म्हणाले.

"नको," माई म्हणाल्या. त्या भिंतीपाशी गेल्या. "अहो, या ना. तुमच्या आवडीचे वडे केलेत." मग आवाज खाली गेला. "शेवटी मी जवळ नव्हते म्हणून राग आहे का? लेकीचं बाळंतपण होतं हो. एसटी चुकली नसती तर पोचले असते मी."

डोळ्यांचं पाणी त्या पुसतही नव्हत्या. उमाला ते बघवेना.

"माई, मामंजी रागावले नाहीत. कावळे मी हाकलले."

"म्हणजे?"

तिनं सिनेमा, काठी, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ह्यांचा राग नाही?"

"नाही हो, माई."

"सिनेमा बघून कावळे हाकलले!" माईंनी आता कुठं डोळे पुसले. "आणि ह्याला आम्ही शिकलेली सून म्हणतो."

कुंपणापलीकडून सरूबाई बोलली, "वैनी, तुमी आत जा. काठीवाली बाई त्ये वळखत्यात. तुमी असताना न्हाई यायचे. पोरीला ऱ्हाऊ द्या तिथं."

"चिंगीला? एकटीला?"

"एकटी कशाची? तुमी दुपारी पडल्या की माझ्या दारात रोज तिच्याच हातची भाकर खात्यात की!"

उमानं चिंगीकडं पाहिलं. रोज? हातातून? श्रीनिवास आणि माई तिच्याकडं बघत होते.

ती आत गेली. दाराच्या फटीतून तिला चिंगी भिंतीशी उभी दिसत होती, परकराचा ओचा धरून. सरूबाईच्या पत्र्यावर एक कावळा उतरला. मान तिरकी करून त्यानं दाराकडं पाहिलं. मग भिंतीवर आला. दुसरा आला, तिसरा आला. पहिला तर तुरुतुरु चालत पोरीच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. उमाची एक ओरड पुरे होती, सगळे उडाले असते. तिनं पदराचा बोळा तोंडात दाबला.

कावळ्यानं वडा उचलला.

"आले गं, आले!" माईंनी हात जोडले. भटजींनी पाट मांडायला सांगितले.

"आई, ये ना बघायला," चिंगीनं हाक मारली.

दोन्ही हातांनी कडी घट्ट धरून, कावळ्यांचं जेवण होईपर्यंत उमा दाराआडच उभी राहिली.