पान अकराच्या पुढे

बसचं तिकीट, पान सात.
केसांची पिन, पान नऊ.
चष्म्याची तुटकी काडी, पान पाच.
दुमडलेला कोपरा, पान आठ. दुसऱ्या दिवशीचा, पान नऊ.
पिठाचा अंगठा, पान अकरा.

वाचनालयातल्या बाई परत आलेलं पुस्तक आधी झाडायच्या, आणि त्यातून हे सगळं पडायचं. म्हणजे कोपरे आणि अंगठा सोडून. पुस्तक एकच, ‘गावच्या नळांची हकिकत’, पानं दोनशे बारा. सहा वर्षांत अकराव्या पानापुढे कुणी फिरकलं नव्हतं. बारापासून पानं अशी करकरीत, की बोट कापावं.

ही बाईंची हुकमी मात्रा. कुणी येऊन म्हणालं, “डोळ्याला डोळा लागत नाही हो, वाचायला काहीतरी द्या,” की त्या आधी हातातलं पुस्तक काढून घ्यायच्या. “रहस्यकथा? मग कशी लागेल झोप! खुनी सापडेपर्यंत तुम्हीच पहाऱ्यावर.” कविता नेली तर माणूस उसासे टाकतो, प्रवासवर्णन नेलं तर उठून बॅग भरतो. नळांचं मात्र खात्रीचं. ‘व्हॉल्व्ह डावीकडे अर्धा फिरवावा. थांबावे. मग उरलेला अर्धा.’ इथवर येता येता माणूस आडवा.

आणि एका मंगळवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी उभे राहिले. “ते नळांचं पुस्तक माझं. पाणीखात्यात होतो. मधे लेकीकडे राहायला गेलो होतो. वाचतं का हो कुणी?”

बाईंना खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं सांगितलं तर म्हाताऱ्याचं मन मोडणार.

“रांग असते,” त्या म्हणाल्या. हे खरंच होतं. त्यांनी वही पुढे केली. म्हाताऱ्यांनी बोट ठेवून नावं मोजली. पाच. सुखानं त्यांचे कान लाल झाले.

“काय म्हणतात लोक?”

“शांत वाटतं म्हणतात.”

तेवढ्यात बेकरीवाला दार ढकलून आत. “बाई, घ्या तुमची गोळी! रोज तीन पानं की खल्लास! बायको म्हणते, दिवासुद्धा मलाच मालवावा लागतो.”

बाईंनी डोळे वटारले. पण तो कसला थांबतोय! “ज्यानं लिहिलंय ना, त्याचे पाय धरले पाहिजेत.”

“धरा,” म्हणत म्हाताऱ्यांनी पाय पुढे केला.

बेकरीवाला दोन पावलं मागे सरला. “अहो काका, तसं नाही... म्हणजे पुस्तक चांगलंच असणार...”

“कितव्या पानावर?”

“अकरा.”

“बरोबर. पहिलं प्रकरण तिथंच संपतं.” म्हातारे खुर्चीत टेकले. “आमच्या हिला झोप यायची नाही. औषधं झाली, काढे झाले. मग मी दिवसा लिहायचो, रात्री वाचून दाखवायचो. हिचा डोळा लागला की पेन्सिलची रेघ. संपलं प्रकरण.”

बाईंनी बारावं पान पहिल्यांदाच उलटलं. पुढची प्रकरणं कुठेही तुटत होती. चौथं तर ‘एवढ्यात मुख्य नळ’ इथंच.

“मुख्य नळाचं काय झालं?” बेकरीवाल्यानं मान वाकडी करून वाचलं होतं.

“फुटला. पण ही झोपली होती, मग कशाला फोडायचा?”

बेकरीवाला आधी हसला आणि बाईंनाही राहवलं नाही. मग म्हातारे हळूच म्हणाले, “आता मलाही काहीतरी द्या. हे सोडून. ही गेल्यापासून हे उघडलं की मी टक्क जागा होतो.”

बाई उठल्या. या वेळी हात सवयीनं कुठेच जाईना. खालच्या फळीपाशी त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या. एकेक पुस्तक उघडायचं, दोन ओळी ओठांतल्या ओठांत वाचायच्या, मिटायचं. अखेर मधमाश्यांच्या पेट्या कशा बनवाव्यात, यावरचं एक जाडजूड पुस्तक निघालं. त्यातल्या फळ्यांची मापं वाचताना त्यांना स्वतःलाच जांभई आली.

“हे न्या,” त्या म्हणाल्या.

“आणि कितव्या पानावर गेलात ते सांगा हं, काका,” बेकरीवाला म्हणाला.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. बाईंनी झाडलं, काहीच पडलं नाही. मग त्यांनी पानं चाळली. चौदाव्या पानावर पेन्सिलची एक रेघ होती, शेवटाकडे घसरलेली.

नळांच्या हकिकतीचं शेवटचं प्रकरण दीड ओळीचं आहे.