भुरा आणि कलरवाला

"राखुंडी फासलीय नुसती! त्यात काय बघायचं?"

हे वाक्य समोरच्या खिडकीत लक्ष्मीने एका पोराला अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि गल्लीच्या अलीकडे बसलेल्या कुमुदिनीला ते अक्षर न् अक्षर कळलं. ऐकू आलं नव्हतं बरं का. मे महिन्याची सुट्टी, गल्लीभर पोरांचा कल्ला, कुणाच्या तरी घरी केबलवर गाणी, त्यात कुल्फीवाल्याची घंटा. पण कुमुदिनीला आवाजाची गरजच नव्हती. तिने लक्ष्मीचे ओठ बघितले होते.

"राखुंडी काय!" ती आपल्या ओट्यावरच्या पोरांना ठणकावून म्हणाली. "अरे, ऐका रे सगळे! हा माझा भुरा परवा नालीत पडला होता. धुतला, पुसला, चालू! तो कलरवाला जरा नालीत टाकून बघा. सीधा भंगारात!"

आता लक्ष्मीने तिचे ओठ वाचले आणि फटकन पदर खोचला. पोरं फिदीफिदी हसली. पोरांना काय, फुकटचा तमाशा.

पाटनीपुऱ्याच्या मागच्या त्या गल्लीत हे भांडण संक्रांतीपासून चालू होतं. दोन खिडक्या समोरासमोर, आणि प्रत्येक खिडकीत एकेक व्हिडिओ गेम, हातात मावेल एवढा. पाव तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायचा. कुमुदिनीचा करड्या रंगाचा, विटेसारखा जाडजूड. पडदा हिरवट, चित्रं काळपट, वरून ठोकळे पडतात आणि ते नीट रचायचे. पोरांनी त्याचं नाव ठेवलं भुरा. लक्ष्मीचा काळा, लांबट, चकचकीत. आत लाल-निळी चित्रं, शिवाय आतून उजेड. तो कलरवाला. गल्लीतली पोरं दोन पार्ट्यांत वाटली गेली होती, आणि कुठला गेम भारी यावरून एकदा दगडसुद्धा उचलले गेले होते.

आणि या दोघी मालकिणी कोण? तर वीस वर्षं मिलच्या वाइंडिंग खात्यात एकाच मशीनच्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या मैत्रिणी. कुमुदिनी जगदाळे नवरा गेल्यावर त्याच्या जागी मिलमध्ये लागली. मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी त्या खडखडाटात तिला वाटलं, डोकं फुटणार. तेव्हा मशीनच्या पलीकडून लक्ष्मीने बोटाने आपले ओठ दाखवले आणि आवाज न काढता विचारलं, 'घाबरलीस?' त्या दिवसापासून ओठांची भाषा सुरू झाली. सुताची गाठ मारता मारता सासूची उणीदुणी, मुकादमाची नक्कल, लक्ष्मीच्या पोरीचं लग्न, सगळं त्याच भाषेत झालं. एखादी दुसऱ्या कुणाशी खाजगी बोलत असली तर आपण मान खाली घालून सुताकडे बघायचं, हा खात्याचा कायदा. बघायचं नाही म्हणजेच ऐकायचं नाही. घरं समोरासमोर, त्यामुळे घरीही तीच सवय. गल्लीपलीकडे हाका मारायची पाळीच कधी आली नाही.

मग मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत पुरुषमंडळी गेटवर बसून राहिली. कुमुदिनी काही बसणाऱ्यातली नव्हती. परदेशी माल दुकानांतून उघड उघड मिळायला लागलाय हे तिने हेरलं, मुंबईच्या भाच्याकडून भुरा मागवला आणि खिडकीत मांडला. धंदा असा चालला की विचारू नका.

आणि संक्रांतीला लक्ष्मीने कलरवाला आणला. तिचा जावई अरविंद पलासियाला एका दुकानात कामाला, त्याने मिळवून दिला. आणला तर आणला. पण एका शब्दाने सांगितलं नाही! पोरीला दिवस गेले तेव्हा आधी कुमुदिनीला सांगणारी बाई, आणि हे मात्र लपवलं. कुमुदिनीच्या जिव्हारी लागलं ते हे. त्या वर्षी दोघींनी एकमेकींना तीळगूळ दिला नाही.

"दिसायला झकपक आहे, वो तो मैं भी मानती हूँ," कुमुदिनी गिऱ्हाइकांना समजावायची. "पण सहा सेल लागतात भिया त्याला! आणि दुपार झाली की संपले. माझा भुरा चार सेलवर आठवडा काढतो."

खरंच होतं ते. लक्ष्मीच्या खिडकीच्या कठड्यावर रोज दुपारी सहा सेल उन्हात वाळत पडलेले असायचे. तापवले की अजून थोडे चालतात म्हणून. "पापड वाळत घातलेत बघा," कुमुदिनी म्हणायची, लक्ष्मीकडे तोंड करून, नीट सावकाश, म्हणजे वाचायला सोपं जावं.

पण संध्याकाळ लक्ष्मीची होती. भुऱ्याच्या आत उजेड नाही. दिवेलागणीला त्याच्यावरचे ठोकळे दिसेनासे व्हायचे, आणि सगळी पोरं उठून समोरच्या ओट्यावर जायची. ऊन कमी झालं की गिऱ्हाईक दुप्पट. तिथे पोरांच्या तोंडावर लाल-निळा उजेड पडलेला कुमुदिनीला बसून बघावा लागे.

तर त्यावर तिने इलाज काढला. जेल रोडवर दिनानाथ नावाचा रेडिओवाला होता, त्याच्याकडून भुऱ्याच्या डोक्यावर बसणारा एक छोटा दिवा आणला. खटकन बसवा, पडदा लख्ख. आता संध्याकाळही तिची. कलरवाल्याकडे मग उरलं काय? नुसती सेल खायची भूक! लक्ष्मी महिनाभर तरी टिकते का बघू, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुपारी जेवण झाल्यावर खिडकीत बसून दिवा बसवायला घेतला.

दिवा बसवता बसवता तिने वर बघितलं. समोर लक्ष्मी जावयाशी बोलत होती. अरविंदची पाठ गल्लीकडे, लक्ष्मीचं तोंड इकडे. मान खाली घालायला हवी होती. कायदा तिला ठाऊक होता. पण नाही घातली.

"घेऊन जा तो गेम, जावईबापू," लक्ष्मीचे ओठ म्हणाले. "संध्याकाळी जे येतं ते सगळं सेलमध्येच जातं. हातात काही राहत नाही. खोली सोडते. राऊला येते राहायला तुमच्याकडे."

अरविंद काहीतरी म्हणाला. त्याची फक्त मान हललेली दिसली.

"जावयाच्या दारात राहायचं मला काय हौस आहे? पण करू काय?" लक्ष्मीने डोळे पुसले. "समोर बोलू नका हं काही. पेढे वाटील ती." मग जरा थांबून ती म्हणाली, "तिचाच गेम चांगला आहे. आणला त्या दिवशीच कळलं होतं मला. तिला विचारलं असतं तर तिने तेव्हाच सांगितलं असतं, म्हणून तर विचारलं नाही. रंगासाठी घेतला हो मी. वीस वर्षं नुसतं पांढरं सूत बघितलं."

 हातातला दिवा कुमुदिनीने मांडीवर ठेवला. जिंकली होती की ती! पण ती खिडकी बंद झाली तर समोर बघायचं काय? राऊ इथून जवळच, काही काळ्या कोसावर नाही, पण राऊहून ओठ दिसत नाहीत. या गल्लीत, या शहरात, तिचं म्हणावं असं माणूस ते एकच होतं, आणि त्याच्या जाण्याला हातभार लावणारा दिवा तिच्या मांडीवर पडला होता.

ती रडत बसली नाही. तो तिचा स्वभावच नव्हे. तिने पायात चप्पल सरकवली, दिवा पिशवीत टाकला आणि टेम्पोने थेट जेल रोड गाठला.

"दिनानाथजी, हा घ्या वापस. आणि मला एलिमिनेटर द्या. सेल न घालता बोर्डाला लावायचा. कलरवाल्याचा."

"कलरवाल्याचा?" दिनानाथने चष्मा कपाळावर चढवला. "मावशी, तुमचा तर भुरा. काल तर म्हणत होतात, समोरचीचं दुकानच उठवते."

"काल म्हणत होते. आज म्हणत नाही. तुमच्याजवळ आहे का, की पुढच्या दुकानात बघू?"

"आहे हो आहे. नाराज कशाला होता!"

परत आली तेव्हा अरविंद गल्लीच्या तोंडाशी स्कूटरला किक मारत होता. पिशवीत कलरवाला. कुमुदिनीने हँडलच धरलं. समोर लक्ष्मी खिडकीत उभी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने मुद्दाम खिडकीकडे पाठ केली. इतक्या वर्षांत लक्ष्मीला ओठ दिसू नयेत म्हणून तिने पाठ केली ती पहिल्यांदाच.

"जावईबापू, तो गेम परत आत न्या. आणि हा डबा जोडा त्याला. आता सेल नकोत. बोर्डात घातला की रात्रभर चालेल. तुम्हीच आणलाय म्हणून सांगा. माझं नाव घ्यायचं नाही, समझे?"

अरविंद बिचारा सरळ माणूस. त्याला ना मिल ठाऊक, ना ओठांची भाषा. खिडकीकडे तोंड करून, शब्द नीट फोडून तो म्हणाला, "ठीक आहे कुमुदमावशी, तुमचं नाव नाही घेत. हा एलिमिनेटर तुम्ही आणला हे आईंना कळणार नाही."

कुमुदिनीने कपाळावर हात मारला. "झालं! अहो, सांगितलंत की तुम्ही!"

तिने वळून बघितलं. लक्ष्मीची खिडकी रिकामी होती. पडदा तेवढा हलत होता.

आता लक्ष्मी एक तर डबा गल्लीत फेकून देणार, नाहीतर अजून एखादं भांडण काढणार, अशी कुमुदिनीला भीती वाटली. भीती हा शब्द तिला शोभत नाही, पण वाटली खरी. अरविंद आत गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो नुसता मान डोलावून स्कूटरवर बसला आणि गेला. त्याच्या पिशवीत गेम आहे की नाही, ते काही तिला दिसलं नाही.

दिवेलागण झाली. भुऱ्यावरचे ठोकळे पुसट व्हायला लागले.

"मावशी, तुम्ही दिवा आणणार होता ना?" एका पोराने विचारलं.

"नाही आणला. भुऱ्याची ड्यूटी संपली. उठा, समोर जा."

"पण तुम्हीच तर म्हणता, कलरवाला कंडम आहे!"

 कुमुदिनीने समोर पाहिलं. खिडकीत लक्ष्मी येऊन उभी होती, आणि तिच्या हातात लाल-निळा उजेड होता. पांढऱ्या वायरची शेपटी खिडकीतून आत गेली होती.

"म्हणत होते," कुमुदिनी म्हणाली, समोर तोंड करून, मोठ्याने आणि सावकाश. "संध्याकाळचा तोच भारी. अंधारात तसा दुसरा नाही. जा रे, नंबर लावा."

पोरं एका उडीत पलीकडे गेली. लक्ष्मीने ओठ हलवले नाहीत. गेम पहिल्या पोराच्या हातात दिला आणि मान खाली घालून बसून राहिली. कुमुदिनीही बसून राहिली. हे असंच चालणार असेल तर असंच, असं तिने मनाला बजावलं. निदान खिडकी तरी उघडी आहे.

आणि फट्कन लाईट गेली.

गल्लीभर "ओऽऽऽ" झालं. कलरवाला जागच्या जागी विझला. केबलवरची गाणी थांबली, पंखे थांबले.

"मावशी, भुरा द्या ना!"

"अंधारात काय दिसणार आहे त्यात? जा घरी, आया वाट बघतायत."

पोरं कुरकुरत पांगली. कुमुदिनीने सवयीने समोर बघितलं, तर समोर काहीच नव्हतं. खिडकी नाही, चेहरा नाही, ओठ नाहीत. 

"कुमुद?"

घोगरा, थोडा दबका आवाज. कुमुदिनीला क्षणभर कुणाचा ते उमगलंच नाही.

"आहेस का गं?"

"आहे."

पलीकडे बांगड्या वाजल्या. "दुपारी मान खाली घातली नव्हतीस ना? अरविंदला सांगितलं मी. राऊला येत नाही म्हणून."

 कुमुदिनीने जे म्हणायचं ते म्हटलं.

 मग तोच आवाज पुन्हा आला, आता जरा कासावीस. "काही बोलत का नाहीस?"

"बोलले की. तुला दिसलं नाही."

"मग मोठ्यानं बोल ना, बाई!"

कुमुदिनीने घसा साफ केला. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि गल्ली ओलांडायला अंधारात पायाने चप्पल चाचपू लागली.