ऋताचे वाळे आणि माझं झाकण

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. वयाने नव्हे, उघडून उघडून जुना झालो आहे. माझ्या झाकणाच्या स्क्रूंचे आटे झिजले, पण आमच्या विद्याधरांची हौस काही झिजत नाही.

मुलुंडच्या घरात, गॅलरीजवळच्या टेबलावर त्यांनी मला स्वतः बनवलं. मी साध्या हेडफोनसाठी नाही. माझ्या हेडफोनमध्ये केसाहून पातळ पडदा असतो आणि तो हलवायला मी शेकडो व्होल्ट पुरवतो. म्हणून माझ्यावर काम करताना विद्याधर डावा हात लेंग्याच्या खिशात ठेवतात. दोन्ही हात आत असले, तर झटका छातीतून जातो. नियम चांगला आहे. उजवा हातही खिशातच ठेवला असता तर माझे हाल तरी वाचले असते!

मला बनवलं ते त्यांच्या पत्नीसाठी, पद्मजाबाईंसाठी. त्यांचे कान हळूहळू जात आहेत. बारीक आवाज आधी जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात एक जुनी कॅसेट आहे, त्यांची लेक ऋता चालायला शिकली तेव्हाची. तिचे बोबडे बोल आणि पायांतल्या वाळ्यांची छुमछुम. कान साथ देत आहेत तोवर ते वाळे एकदा नीट ऐकायचे, एवढंच पद्मजाबाईंना हवं होतं.

मी पहिल्याच दिवशी छान वाजलो. पण विद्याधरांना कुठेतरी घरघर ऐकू आली.

"अहो, लावा ना तसंच. मला कुठे कळतेय घरघर!"

"थांब गं. तुला अर्धवट नाही ऐकवणार."

झालं! तारा बदलल्या, कपॅसिटर बदलले. घरघर गेली तोवर खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली यंत्रं पुजतात. मिक्सर, स्कूटर, पक्कड यांच्यासोबत पद्मजाबाईंनी मलाही प्रेमाने हळदकुंकू वाहिलं आणि वर ओला झेंडू ठेवला. माझ्या झाकणाला हवेसाठी भोकं आहेत. ओलं कुंकू थेट आत उतरलं.

मग सुरू झाली तडतड. विद्याधरांनी माझे धडधाकट ट्रान्झिस्टर उपटले. घाटकोपरच्या दत्तारामांकडून ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून आणला. दिवाळी गेली, तिळगूळ वाटून झाला, कुंकू जागच्या जागी. अहो, त्या तारा जोडायच्या पट्टीखाली बघा, म्हणून मी जीव तोडून ओरडत होतो. पण त्यांना माझं ओरडणंही तडतडच वाटायचं.

शेवटी एका दुपारी पद्मजाबाई टॉर्च धरायला बसल्या.

"त्या पट्टीखाली लाल काय आहे हो? अगंबाई, हे तर कुंकू! म्हणजे मीच वाट लावली ना?"

"तू कशाला? भोकं मी पाडली. पूजेआधी ती झाकायला नको होती का मीच?"

त्यांनी मला ब्रशने स्वच्छ पुसलं. तडतड थांबली. आता काही सबब उरली नव्हती. कॅसेट लागली. पद्मजाबाईंनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

"बोलतेय हो! 'आई' म्हणाली बघा!" त्या हसल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "वाळे कधी येतात?"

मित्रांनो, वाळे येत होते. मी एकही वाळा न सांडता पाठवत होतो.

विद्याधरांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "बारीक सूर कमी पडतायत बहुतेक. उघडून बघतो."

पद्मजाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या. त्याचं काही बिघडलेलं नाही."

यंत्रांची काळजी जरूर घ्या, मित्रांनो. पूजाही करा, झाकण झाकून. पण कुणी ऐकायला ताटकळत असेल, तर आम्हाला घरघरत का होईना, आधी सुरू करा. मला आजही त्या घरघरीचा राग येत नाही. त्या स्क्रू ड्रायव्हरचा येतो.

विद्याधरांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर घेतला आणि कॅसेट पुन्हा लावली. डावा हात खिशातून काढून त्यांनी पद्मजाबाईंचा तळवा धरला, आणि वाळा वाजेल तसं उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवू लागले. टेकवता टेकवता बोट मध्येच थांबलं.

"पडली," ते म्हणाले.

"उठेल आता," पद्मजाबाई म्हणाल्या.