आधी तोंड उघडून बघा

ट्रेमध्ये आरसे तीन, कापूस धरायचे चिमटे दोन, कीड चाचपायचे टोकदार आकडे दोन, दात पांढरे करायच्या जेलच्या नळ्या चार. ट्रेखालच्या खणात हातमोज्यांची खोकी दोन, शाई संपलेले पेन एक. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, पाकिटात बंद केलेली, मी एक.

मित्रांनो, मी हिरडी मोजायची जुनी सळई आहे. दवाखान्यात मला प्रोब म्हणतात. मी पोलादाची, वीतभरही लांब नाही. माझे टोक मुद्दाम बोथट ठेवले आहे, कारण मला टोचायचे नसते, मोजायचे असते. टोकापासून पंधरा मिलिमीटरपर्यंत माझ्या अंगावर खुणा कोरल्या आहेत. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. तिथे मला अलगद सरकवायचे आणि मी कितव्या खुणेपर्यंत बुडाले ते वाचायचे. दोन-तीन मिलिमीटर असेल तर हिरडी धडधाकट. त्याहून खोल गेले तर समजावे की तिथे पोकळी झाली आहे, जंतूंनी आत घर केले आहे आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले आहे. हे आरशात दिसत नाही. बहुतेक वेळा दुखतही नाही. म्हणून तर मला घडवले.

क्रांतीने मला घेतले तेव्हा ती दंतवैद्यक शिकत होती. कॉलेजमध्ये नियमच होता, प्रत्येक दात सहा ठिकाणी मोजायचा. ती आकडे म्हणायची आणि शेजारची मुलगी लिहून घ्यायची. "क्रांतीचे आकडे मी पुन्हा तपासत नाही," असे तिच्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटले, तेव्हा मला वाटले होते की आपल्यावाचून या विद्येचे पान हलत नाही.

पुढे क्रांतीने दिल्लीतल्या मुनिरकात एका खुर्चीचा दवाखाना काढला. आजूबाजूला भाड्याच्या खोल्या, खोल्यांत परीक्षांचा अभ्यास करणारी मुले. "मॅडम, परवा पेपर आहे, फक्त ठणका थांबवा," म्हणत ती येत. त्यांना घाई, क्रांतीला घाई. एकेक दात सहा ठिकाणी मोजत बसायला वेळ कोणाला होता? एके दिवशी मी खणात गेले ती गेलेच.

तिथे पडल्या पडल्या मी रागावायला शिकले. मला वर चालणारे बोलणे ऐकू येई. साखरेचा आजार असलेली माणसे येत. कोणाचे डोळे तपासून झालेले असत, कोणाचे पाय, कोणाचे मूत्रपिंड. तोंड मात्र कोणीच तपासलेले नसे. तोंड जणू शरीराच्या बाहेर लटकवलेली वस्तू! साखरेचे डॉक्टर म्हणत, दात आमच्याकडे नाहीत. दातांचे डॉक्टर साखर विचारत नसत. अहो, तुमची गोळी पोटात जाते ती कोणत्या वाटेने? त्या वाटेवर रोज पू झिरपतो आहे, याचे कोणालाच काही नाही?

ऑक्टोबरात भाऊराव आणि त्यांच्या पत्नी शीलाताई आले, तेव्हा माझा हा राग अगदी काठापर्यंत आला होता.

भाऊराव अमरावतीकडचे. वासरू लवकर वाढावे, म्हशीने जास्त दूध द्यावे म्हणून चाऱ्यात जी खनिजांची पावडर मिसळतात, ती तपासणाऱ्या दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयातून ते निवृत्त झाले होते. पुडीवर छापलेले आत खरोखर आहे का, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला.

"जय भीम, डॉक्टर," ते खुर्चीत बसत म्हणाले. "काम छोटंसं आहे. सगळे दात काढून कवळी बसवायची. मेट्रो स्टेशनजवळच्या एका क्लिनिकने सोमवारची तारीख दिलीये. ही म्हणाली, आधी क्रांतीला दाखवा."

"जय भीम, काका. सगळे काढायचे? हलतात किती?"

"समोरचे चार. बाकीचे पण हलतीलच ना, बेटा. कॅल्शियम कमी पडलंय. दोन वर्षं गोळ्या खातोय, वरून ती प्रोटीनची पावडर. फरक शून्य. माल नकली असणार."

"आणि शुगर?"

"तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट एक. आमचे शुगरचे डॉक्टर म्हणाले, आता उतरली नाही तर इन्सुलिन."

"ब्रश रोज करता?"

"घासलं की रक्त येतं. म्हणून बंद केला. बोटाने मंजन लावतो. जखमेला डिवचायचं नाही, सिंपल."

"आणि चावता येत नाही म्हणून चहात बुडवून बिस्किटं," शीलाताईंनी भर घातली. "सकाळी बिस्किटं, संध्याकाळी बिस्किटं. मग शुगर वाढली की माझ्याकडे बघणार, जसं काही मीच कालवली!"

मित्रांनो, खणात माझे पोलाद तापले. रक्त येते म्हणून घासणे बंद! घर गळते म्हणून छपराकडे बघणेच सोडून द्यावे, तसे हे झाले. आणि दोन वर्षे वरून नुसत्या पुड्या ओतायच्या!

क्रांतीने आरसा घेतला आणि दिव्याखाली नजर फिरवली. "हं. बऱ्याच सुजल्यात हिरड्या. सोमवारी काढूनच टाकायचे असतील तर..." असे म्हणून तिने आरसा ट्रेमध्ये ठेवला.

तिथेच थांबली ती! कॉलेजात दिवसभर मोजणारी क्रांती! आरशात जेवढे दिसते तेवढ्यावर एका माणसाचे सगळे दात जाणार होते. मला हात असते तर मी खण आतून ठोठावला असता.

भाऊराव मात्र आपल्या आठवणीत रमले होते. "पुड्यांचं असंच असतं. नजफगडकडे एका गोठ्यात पारडू होतं. वाढेचना. मालक मला म्हणाला, साहब, आपका पास किया हुआ मिक्सचर नकली है."

"झालं सुरू," शीलाताई म्हणाल्या. "घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे पारडू भेटतंच."

"अगं, ऐकू दे तिला. मी त्याच्या पुडीला हातसुद्धा लावला नाही. पारड्याचा जबडा उघडला. जिभेखाली तारेचा तुकडा रुतलेला! बिचारं खाणार कसं? तार काढली, खुराक चिमूटभरही वाढवला नाही आणि पारडू वाढायला लागलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगायचो, पुडी नंतर. आधी तोंड उघडून बघा."

शीलाताईंनी मांडीवरची पिशवी बाजूला आपटली. "अहो, म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालत होतात! स्वतःच्या तोंडात बिल्कुल नाही बघितलं. नुसती कॅल्शियमची पुडी, प्रोटीनची पुडी. माझं स्वयंपाकघर आहे का गोठा?"

भाऊराव हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिले. क्रांतीचेही तोंड उतरले. तिने ट्रेखालचा खण ओढला. मग वाकली, खोकी बाजूला सारली आणि मला बाहेर काढून आधी वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायला ठेवले.

"थोडं थांबावं लागेल, काका," ती म्हणाली. "तुमचं तोंड अजून कोणी उघडलेलंच नाही. मीसुद्धा नाही."

कितीतरी दिवसांनी मी उजेडात आले. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेपाशी, जिभेच्या बाजूने, तिने मला सरकवले. मी बुडत गेले. तिसरी खूण गेली, चौथी गेली, पाचवीही गेली. बाहेर आले ती रक्ताने माखून.

"सात," क्रांती म्हणाली.

"सात काय?"

"मिलिमीटर. तीनच्या आत हवं होतं."

ती प्रत्येक दातापाशी थांबली. पाच, सहा, पाच. समोरच्या दोन दातांना हाडाचा आधार जवळजवळ उरला नव्हता. बाकीच्यांना होता. मोजून झाल्यावर तिने मला बाजूला ठेवले आणि स्टूल पुढे ओढले.

"काका, माल नकली नव्हता. तार आत आहे. दात आणि हिरडीच्या मध्ये जंतूंचा थर बसलाय, दगडासारखा. तो आहे तोवर हिरडीची जखम भरत नाही आणि साखरही लवकर खाली येत नाही. साखर वर असली की जखम आणखी चिघळते. कॅल्शियमने यातलं काही निघत नाही."

"म्हणजे सगळे काढायची गरज नाही?"

"दोन जातील. बाकीचे वाचवायचा प्रयत्न करू. वचन देत नाही."

"आणि इन्सुलिन?"

"ते तुमचे शुगरचे डॉक्टर ठरवतील. गोळ्या मनाने बदलायच्या नाहीत. पण हे आकडे मी त्यांना पाठवते. त्यांनाही कळू दे आत काय आहे ते."

शीलाताईंनी तिथल्या तिथे मोबाइल काढला. "हॅलो? हां जी, सोमवार का कैन्सल कर दीजिए। नहीं जी, डिस्काउंट नहीं चाहिए। दाँत चाहिए।"

मग हिरडीखालची सफाई सुरू झाली, तोंडाचा एकेक भाग करत. दोन दात गेले. भाऊरावांच्या हाती मऊ ब्रश आला. पहिल्यांदा रक्त बघून त्यांचा हात थांबे. तेव्हा शीलाताई मागून म्हणत, "थांबू नका, तार काढताय." बिस्किटांचा डबा त्यांनी शेजारी देऊन टाकला.

मित्रांनो, आता मी ट्रेमध्ये असते, आरशांच्या शेजारी. साखरेचा आजार असलेला माणूस खुर्चीत बसला की क्रांती आधी मला हातात घेते. तरी माझा राग गेलेला नाही. याच शहरात माझ्यासारख्या कितीतरी सळया खणांत पडून आहेत आणि तेवढीच तोंडे न उघडता परत जात आहेत. तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. विचारा, थुंकीत रक्त येते का? दात हलतो का? हिरडी शेवटची कोणी मोजली? त्यांना उत्तर देता आले नाही तर त्यांना नव्या पुडीच्या दुकानात नेऊ नका. दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि मला बाहेर काढायला सांगा.

जानेवारीत भाऊराव पुन्हा त्या खुर्चीत बसले. क्रांतीने मला तीच दाढ, तीच बाजू दाखवली. शीलाताई पिशवी घट्ट धरून उभ्या होत्या.

"बोला, डॉक्टर," भाऊराव म्हणाले.

उजवीकडची खालची पहिली दाढ, जिभेची बाजू: चार मिलिमीटर. रक्त नाही.